बोनेटखालची जमीन

गाडीचं नाक आभाळाकडे होतं. पुढच्या काचेतून बोनेट दिसत होतं आणि त्याच्यावर ढग. बाकी काही नाही. पुढचं डावं चाक एका दगडाला अडलं होतं.

"मी उतरून बघतो," म्हणत बाबांनी दाराला हात घातला.

"बसा हो बाबा. काही गरज नाही. हे बघा." डॉक्टरांनी समोरच्या पडद्यावर बोट ठेवलं. पडद्यावर बोनेट जणू काचेचं झालं होतं आणि त्याच्या खालची जमीन लख्ख दिसत होती. ओली माती, चाकापुढचा दगड, दगडाला लागून पिवळ्या फुलांचं एक बुटकं झुडूप. "या गाडीला डझनभर डोळे आहेत. आपल्यापेक्षा चांगलं दिसतं तिला."

"दिसत असेल. पण खाली माणूस लागतो," असं म्हणून बाबा उतरलेच.

डॉक्टर डोळ्यांचे होते. चार महिन्यांपूर्वी वडिलांचे दोन्ही मोतीबिंदू त्यांनीच काढले होते आणि लगोलग त्यांच्या स्कूटरची किल्लीही काढून घेतली होती. ज्या माणसाने छत्तीस वर्षं घाटात बस चालवली, त्याला आता भाजी आणायलाही चालत जावं लागत होतं. त्यावर बाबा एक अक्षर बोलले नव्हते. ही गाडी मात्र त्यांनी दोनदा भोवती फिरून पाहिली आणि एवढंच विचारलं, "हिचं इंजिन चालू आहे हे कळतं कसं?"

डॉक्टरांच्या ते जिव्हारी लागलं होतं. या गाडीसाठी त्यांनी शोरूमच्या चार खेपा घातल्या होत्या. तिथला विक्रेता "साहेब, बोनेटखालचं चित्र कसं तयार होतं, ते जरा समजावतो" म्हणाला, तेव्हा त्यांनी त्याला हसून गप्प केलं होतं. "दिसण्याबद्दल मला सांगू नका, तो माझा धंदा आहे." पुढे महिनाभर ती डोंगर चढणारी गाडी घर ते दवाखाना एवढीच धावली. आज पहिल्यांदाच ती कच्च्या वाटेला लागली होती. खरं सांगायचं तर, बाबांनी एकदा तरी "वा!" म्हणावं, एवढ्यासाठीच हा सगळा खटाटोप होता.

एक मिनिट गेलं. दोन गेली.

"अहो, बाबा कुठे दिसत नाहीत," मागून बायको म्हणाली. चढ सुरू झाल्यापासून ती दारावरची मूठ दोन्ही हातांनी धरून, डोळे मिटून बसली होती; ते तिने आत्ताच उघडले होते.

"बाजूला झाले असतील. बघ ना, खाली आहे का कोणी?"

खाली कोणी नव्हतं. माती, दगड, पिवळी फुलं. धोक्याची पिपाणी डॉक्टरांनी मघाशीच बंद करून टाकली होती. गवताचं पातं दिसलं तरी ती केकाटत होती. त्यांनी हलकेच ॲक्सिलरेटर दाबला. गाडी वीतभर पुढे सरकली.

धप्.

पत्र्यावर एक ठोका.

डोक्यात काही शिरायच्या आत डॉक्टरांचा पाय ब्रेकवर गेला होता. बाबांच्या बसचा कंडक्टर पत्र्यावर हात मारायचा: एक ठोका म्हणजे थांब, दोन म्हणजे चल. हा कायदा बाबांनी घरीही आणला होता. जेवताना टेबलावर एक ठोका पडला की आई वाढायची थांबे, दोन पडले की पातेलं पुन्हा पुढे येई. पोरं त्यावरच वाढली होती.

बायकोने दार उघडून खाली उडी मारली. मग तिची किंकाळी आली. डॉक्टर हँडब्रेक ओढून गाडीला वळसा घालून धावले.

बाबा चाकापुढे कुशीवर आडवे होते. डोकं बंपरखाली, खांद्याखाली ते झुडूप पार चेंदामेंदा झालेलं. दगड काढायला घातलेला हात त्यांनी स्वेटरच्या बाहीत आत आखडून घेतला होता. बाहीचं टोक टायरखाली होतं.

"हँडब्रेक लावलास ना?" बाबांनी विचारलं.

"हो. बाबा, मी... मला..."

"अरे, मी तुला दिसत नव्हतो." त्यांच्या आवाजात राग नव्हता. त्यांना खरोखरच उमजत नव्हतं. "मग गाडी हलवलीस कशी?"

छत्तीस वर्षांत हे त्यांनी पाहिलंच नव्हतं. खाली उतरलेला माणूस नजरेस पडेपर्यंत ड्रायव्हर गाडी हलवत नाही. तेवढ्या भरवशावर त्यांनी मुलाच्या चाकापुढे हात घातला होता.

"तू पुढे उभी राहा," डॉक्टर बायकोला म्हणाले. "मला दिसशील अशी. हलू नकोस तिथून." मग त्यांनी सीटवर बसून काच खाली केली. रिव्हर्स टाकण्याआधी सवयीने नजर पडद्याकडे गेली.

पडद्यावर बोनेटखालची जमीन तशीच लख्ख होती. ओली माती. दगड. झुडूप ताठ उभं, सगळी पिवळी फुलं जागच्या जागी. चित्र मघाचं होतं, गाडीचं नाक त्या जमिनीवर यायच्या आधी टिपलेलं. गाडी ते आत्ताचं म्हणून दाखवत होती. बाबा त्यात कुठेच नव्हते.

आणि त्या रिकाम्या जमिनीतून पत्र्यावर दोन ठोके पडले.