गायरानातली विहीर

"थांबा. पुढे विहीर आहे."

म्हातारा सुतार एवढंच बोलला आणि करवती थांबल्या. गायरानात माजलेली परकी काटेरी झाडं काढायला दर रविवारी वीस-पंचवीस माणसं आपणहून जमत. त्यांतल्या बाकी कुणालाच इथे विहीर असल्याचं ठाऊक नव्हतं. आत शिरायला इतकी वर्षं वाटच उरली नव्हती.

सुताराची मुलगी मात्र जागीच थिजली. ती शिवणकाम करणारी बाई. झाडांशी तिचं काय देणंघेणं? ती आली होती ती या विहिरीसाठीच.

अठरा वर्षांपूर्वी एका दुपारी तिच्या भावाचं आणि बाबांचं कडाक्याचं भांडण झालं. भाऊ तरातरा गायरानाकडे निघून गेला. थोड्या वेळानं बाबाही मागोमाग गेले. परतले ते एकटेच, छातीपर्यंत भिजलेले. गायरानात पाणी होतं ते या विहिरीतच. "गेला तो कुठंतरी," इतकंच म्हणाले. आईनं परोपरीनं विनवलं, पण त्यांनी तिला पोलिसांत जाऊ दिलं नाही. भावाचं ना पत्र आलं, ना निरोप. आईनं वाट बघत बघतच डोळे मिटले. मुलगी तेव्हापासून त्याच माणसाला दोन वेळा जेवायला वाढत होती, आणि त्याच्या हातांकडे बघायचं टाळत होती.

झाडं काढायचं ठरलं आणि बाबांचं चित्त थाऱ्यावर राहिना. कधी आत साप आहेत म्हणत, कधी करवतींना धार नाही म्हणून सगळ्यांना बसवून ठेवत. तरी एक रविवार चुकवत नसत. तिला वाटे, पाळत ठेवायला येतात.

शेवटची फांदी ओढून काढली. विहिरीचं तोंड उघडं पडलं. कुणीतरी आरसा धरून उन्हाचा कवडसा आत सोडला. पाणी नव्हतं, झाडांच्या मुळांनी ते कधीच पिऊन टाकलं होतं. तळाशी पाल्याचा ढीग दिसत होता.

"कशाला उतरताय? बुजवून टाका," बाबा म्हणाले. त्यांचा आवाज कापत होता.

"उतरा," ती म्हणाली. स्वतःचा आवाज तिलाच परका वाटला.

आधी जळता कंदील सोडून हवा तपासली. मग जमलेल्यांतला एक प्लंबर कमरेला दोर बांधून उतरला.  खालून पाला चाळवल्याची सळसळ तेवढी ऐकू येत होती. मग सळसळ थांबली.

"हाडं आहेत."

 तिनं बाबांकडे पाहिलं. त्यांचे डोळे मिटलेले, ओठ पांढरेफटक. काय विचारायचं ते तिनं अठरा वर्षं मनात घोटून ठेवलं होतं. आता सगळ्यांदेखत विचारायचं, की घरी गेल्यावर?

"शिंगं आहेत हो," प्लंबरचा आवाज पुन्हा आला. "शेळी पडली असेल कधीतरी. बाकी नुसता कातळ आहे."

"नीट बघ," बाबा एकदम पुढे झाले. लोकांनी त्यांना दंडाला धरून मागे ओढलं. "सगळा पाला उचलून बघ. कोपरा न् कोपरा बघ."

ती त्यांच्याकडे बघतच राहिली. लपवणारा माणूस असं सांगत नाही.

बराच वेळ गेला. "काही नाही, काका," प्लंबर म्हणाला. "माणसाची एक चप्पलसुद्धा नाही."

बाबा मटकन खाली बसले. त्यांचे खांदे गदगदत होते. तिनं त्यांना कधी रडताना पाहिलं नव्हतं. ती शेजारी बसली.

"बाबा, तुम्हाला काय वाटत होतं?"

"भांडता भांडता मी त्याला बोलून गेलो, जा, विहिरीत जीव दे," ते म्हणाले. "मागोमाग येऊन छातीभर पाण्यात उतरून चाचपलं, पुढे खोल जायचा धीर झाला नाही. मला वाटलं, पोरानं कधी नव्हे ते माझं ऐकलं."