नमस्कार कुणाला

रत्नाकरनं कीर्तनाच्या गादीवर पाय रोवले आणि समोर पाहिलं. थकलेले विनायकबुवा काठी टेकत त्याच्याकडेच येत होते.

तीस वर्षांपूर्वी याच सभामंडपात, भर कीर्तनात बुवांनी त्याच्या हातातली झांज हिसकावली होती. "साथीला उभा राहून माझाच आवाज बुडवतोस? गळा आहे की भोंगा? चालता हो!" तोच भोंगा पुढे मिलान, व्हिएन्ना, न्यूयॉर्कच्या ऑपेरांत उंच पट्टीचा टेनर गायक म्हणून गाजला. पण एकाही टाळीनं आतली आग विझली नाही. म्हणून तर गावानं सत्काराला बोलावल्यावर त्यानं कीर्तनच मागून घेतलं. गादीवरच्या कीर्तनकाराच्या पाया थोरामोठ्यांनाही पडावं लागतं.

बुवा वाकले. पायांना हात लावून हसत म्हणाले, "हुरळू नकोस रे. हा नमस्कार नारदाच्या गादीला."

सभामंडपात हशा पिकला. रत्नाकर गादीवरून उतरला, नुसत्या फरशीवर उभा राहिला. "आता?"

हशा थांबला. बुवांनी काठी सावरली. "त्या दिवशी मला तुझा हेवा वाटला होता, बाळा," म्हणाले, आणि पुन्हा वाकले.

वडीलधारं माणूस वाकलं की आपण पाय मागे घेतो. रत्नाकरनं घेतले नाहीत.