झांजा वाजवायचा नंबर

"तीन महिने. जेमतेम तीन महिने झालेत हिला येऊन!"

डोळे मिटून बसल्यावर पुटपुटायचं नाही, असा तिथला नियम होता. पण पोस्टवालीचं पुटपुटणं शेजारच्या खुर्चीपर्यंत पोचलंच. तिथल्या म्हाताऱ्या ड्रायव्हरनं एक डोळा उघडून तिच्याकडे पाहिलं आणि घाईनं मिटून घेतला.

समोर शिंपीण झांजा घेऊन बसली होती. लागोपाठ चौथा मंगळवार.

इस्पितळाच्या तिसऱ्या मजल्यावरची ही खोली. मंगळवारी सलाइनमधून औषध चढवायच्या आधी इथे अर्धा तास ध्यान असायचं. शिकवायला पंचविशीतली एक मुलगी यायची. तिच्याकडे तिबेटी झांजा होत्या. मुठीत मावतील अशा दोन जाड चकत्या, चामड्याच्या वादीनं जोडलेल्या. वादी चिमटीत धरायची आणि काठाला काठ हलकेच टेकवायचा. दोन्हींचा सूर केसभर वेगळा, म्हणून नाद थरथरत राहायचा. तो ज्याला ऐकू येईनासा होईल त्यानं हात वर करायचा. शेवटचा हात वर गेला की पुढचा टोला. असे तीन.

वाजवायचं काम मुलगी पेशंटपैकीच कोणाला तरी द्यायची. कोणाला, ते तिचं ती ठरवायची.

पोस्टवालीला खुपत होतं ते हेच. तीस वर्षं तिनं खिडकीमागे बसून नंबरानं कामं केली होती. साहेबांची बायको मध्ये घुसली तर तिलाही रांगेच्या शेपटाला पाठवणारी बाई ती. इथे तिला अकरा महिने झाले होते. तिच्या डोळ्यांदेखत झांजा आधी हेडमास्तरांकडे गेल्या. त्यांनी पाच-सहा मंगळवार वाजवल्या, मग ते दिसेनासे झाले. "घरी असतात आता," नर्स म्हणाली. मग बेकरीवालीकडे गेल्या. तीही घरी. पोस्टवालीनं काय ते ओळखलं. झांजा हातात आल्या की सुटका.

आणि तिला सुटायचं होतं. मनगटाला पट्टी न चिकटवता, मळमळ सोबत न नेता एकदाचं घरी जायचं होतं.

शिंपिणीचं तर उघडच दिसत होतं. डोक्यावर मखमलीसारखे केस उगवले होते. उलट्या बंद. परवा तर चक्क सामोसा खाताना सापडली. ध्यान संपलं की बाकीचे सलाइनच्या खोलीकडे वळायचे आणि ही पर्स खांद्याला लावून सरळ लिफ्टकडे. पोस्टवाली मात्र अजून रुमाल बांधूनच होती.

त्या दिवशी तिनं शिंपिणीला लिफ्टपाशी गाठलं.

"काय गं, वशिला कोणाचा?"

"कसला वशिला, ताई?"

"झांजांचा. एवढी काय भोळी नाहीयेस तू."

शिंपीण हसली. "माझा हात हलका आहे हो. तुम्ही वाजवल्या तर शिक्का मारल्यासारख्या वाजवाल. समोरच्याच्या कपाळावर तारीख उठायची!"

एरवी पोस्टवाली पोट धरून हसली असती. या दोघींनी मळमळीच्या मंगळवारी एकमेकींची पाठ चोळली होती. पण आज नाही.

"माझे कुडते परत दे," ती म्हणाली. "आत घ्यायला दिले होते ते. झाले नसले तरी दे."

"झालेत. उद्याच पाठवते." शिंपिणीनं लिफ्टचं बटण दाबलं. "मुद्दाम जास्त आत नाही घेतले. शिवण उसवून मोठे करता येतील असे ठेवलेत."

"उपकार झाले," पोस्टवाली म्हणाली आणि पाठ फिरवून निघाली.

तिनं नर्सला विचारलं, "माझा नंबर कधी?" नर्सला एकदम रक्तदाबाच्या यंत्रात काहीतरी बिघाड दिसला. मुलीला विचारलं. "बघू हं, काकू," म्हणत ती खुर्च्या सारख्या करत राहिली. खुर्च्या आधीच सारख्या होत्या. ड्रायव्हरला विचारलं तर त्याला खोकला आला.

पुढच्या मंगळवारी पोस्टवाली सगळ्यांच्या आधी येऊन बसली. मुलीनं पिशवीतून झांजा काढून टेबलावर ठेवल्या मात्र, तिनं त्या उचलल्या.

"आज मी."

तिनं टोला दिला, पण काठावर नाही, सपाट. ठप्प असा आवाज आला आणि तिथेच मेला. एकही हात वर गेला नाही. सगळे डोळे उघडे होते.

"काकू, ठेवा त्या." मुलगी पुढे आली.

"का? अकरा महिने झाले मला! ही तीन महिन्यांची, हिला देतेस. नंबर म्हणून काही असतो की नाही?"

"तुम्हाला नाही देणार मी," मुलगी म्हणाली आणि रडायलाच लागली.

ड्रायव्हर पायांकडे बघत राहिला. नर्स दारातच थबकली.

"बघितलंत?" पोस्टवाली सगळ्यांकडे वळली. "मला नाही द्यायच्या! मी असं काय घोडं मारलंय हिचं?"

शिंपीण उठली. सावकाश चालत आली. पोस्टवालीच्या आवळलेल्या बोटांतून तिनं एकेक करून वादी सोडवली आणि तो हात आपल्या हातात धरून ठेवला.

"ताई," ती म्हणाली, "डॉक्टरांनी ज्यांचं औषध थांबवलंय ना, आता उपयोग नाही म्हणून, त्यांनाच देते ही. तुम्हाला गुण येतोय."