बिनशपथेची साक्ष

रत्नागिरीच्या कचेरीतलं ते काळ्या पुठ्ठ्याचं धर्मपुस्तक वर्षातून एखाद्याच वेळी कपाटाबाहेर यायचं, कारण त्यावर हात ठेवून शपथ घेणारे ख्रिस्ती साक्षीदारच थोडे. मिठाच्या सत्याग्रहाच्या साली लवू पट्टेवाल्याने ते पुसून मिशनच्या दवाखान्यातल्या सगुणाबाईंपुढे धरलं. बाईंनी हात पदराखालून काढलाच नाही. “शपथ वाहू नये, असं ह्याच पुस्तकात लिहिलंय, साहेब.” मॅजिस्ट्रेटांनी चष्म्यावरून पाहिलं. “सरकारचं ऐकावं, असंही त्यातच लिहिलंय म्हणतात!” “लिहिलंय ना. म्हणून तर समन्स मिळाल्याबरोबर आले. पण देवाने नको म्हटलेलं सरकारने सांगितलं, तर देवाचं ऐकायचं.” लवूला नवल वाटलं. इतक्या वर्षांत ह्या पुस्तकाला नको म्हणणारं कुणी त्याने पाहिलं नव्हतं. सकाळपासून दोन साक्षीदारांनी देवाला स्मरून, आरोपी धोंडूला खाडीवर पाणी आटवून मीठ करताना पाहिलंच नाही, असं ठोकून दिलं होतं. आता ही बिनशपथेची बाय काय सांगते, म्हणून तो कान देऊन उभा राहिला. “मग तुम्ही खरंच बोलाल, हे कशावरून?” मॅजिस्ट्रेटांनी विचारलं. “विचारून बघा.” “धोंडूला मीठ करताना पाहिलंत?” “पाहिलं.” आरोपीच्या पिंजऱ्यात धोंडूने मान खाली घातली. “बरोबर आणखी कोण होतं?” “मी होते. कढई माझीच.” मॅजिस्ट्रेटांची लेखणी तशीच थांबली. बाई मात्र कुणाच्या हुकमाची वाट न पाहता साक्षीदाराच्या पिंजऱ्यातून उतरल्या आणि धोंडूच्या पिंजऱ्यापाशी गेल्या. धोंडूने सरकून त्यांना जागा दिली.