वायरची दोन्ही टोकं

दुरुस्तीला आलेल्या सुलभाने आधी कुंदाताईंचा सुजलेला डोळा पाहिला, मग त्यांच्या नवऱ्याच्या, ढमढेऱ्याच्या, वेदना-डब्याची कापलेली वायर. घरात एकाला लागलं की सगळ्यांना दुखावं, म्हणून माणशी एक डबा जोडणारं हे जाळं घरोघरी सक्तीचं होतं. दुखत नव्हतं ते फक्त ढमढेऱ्याला.

"उंदरानं कुरतडली," तो म्हणाला.

"उंदीर ब्लेड वापरत नाही, साहेब."

तिने लाइन जोडली. मग एका जादा वायरची दोन्ही टोकं त्याच्याच डब्यात खोचली. नवशिके ही चूक करतात. आलेला सिग्नल तिथेच गरगरत राहतो.

"चहा कुठाय?" म्हणत ढमढेऱ्याने बायकोच्या कानाखाली जाळ काढला. तीच थप्पड त्याला बसली. पुन्हा बसली. विसाव्या थपडेला तो जीभ चावून, रक्त थुंकत फरशीवर लोळत होता.

"ताई, ही वायर उपटली की थांबेल."

कुंदाताईंनी दोघींपुरतं चहाचं आधण ठेवलं.