बाबांचा रकाना

“कशी होती शेवटी?” बाबांनी विचारलं.

हॉस्पिटलमधून आल्या आल्या त्यांची नजर खिडकीतल्या काचपेटीकडे गेली होती. पेटी रिकामी होती. लाल गुडघ्यांची ती टॅरांटुला जातीची मोठी कोळीण, बाबांची ‘म्हातारी’, आई गेली त्या वर्षी घरात आली होती. त्याला बावीस वर्षं झाली.

“शांत होती,” लेक म्हणाली. “तुम्ही ॲडमिट झालात आणि तिने खाणंच सोडलं. परवा सकाळी बघते तर उताणी पडलेली.”

“उताणी?”

“हो. पाय पसरून.”

लेकीची सगळी नोकरी देवमासे मोजण्यात गेली होती. किनाऱ्याला लागलेले निळे देवमासे तिने कितीतरी पाहिले होते, पोट आभाळाकडे केलेले. मेलेलं जनावर ओळखायला तिला कुणाला विचारावं लागत नसे.

“पुरायला मन होईना, बाबा. तुम्ही ठेवता तशी स्पिरिटच्या बरणीत ठेवलीय. कपाटात आहे.”

बाबा काचेवरून बोट फिरवत राहिले.

“बरं केलंस,” ते म्हणाले.

लेकीचा जीव भांड्यात पडला. धक्का बसेल असं काही सांगू नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. दोन दिवस ती हेच कसं सांगायचं ते घोकत होती.

“तो संग्रहालयाचा तक्ता आण बघू.”

संग्रहालयाने बापलेकीकडून मिळून एक तक्ता मागवला होता. डावीकडे तिचा निळा देवमासा, उजवीकडे त्यांची टॅरांटुला. त्यावरून घरात सारखी थट्टा चालायची. “तुझ्या माशाची नुसती जीभ हत्तीच्या वजनाची,” बाबा म्हणायचे, “आणि माझी म्हातारी दोन-दोन महिने उपाशी राहते, पण कुरकूर नाही!” आपला रकाना त्यांनी आजारी पडायच्या आदल्याच दिवशी भरला होता. पुढच्या धावपळीत तिचा तो वाचायचा राहून गेला होता.

बाबांनी पेन मागितलं. शेवटची ओळ खोडली.

“का खोडलंत?”

“जागा पुरायची नाही. चहा टाक जरा.”

आधण ठेवून ती ओट्यापाशी उभ्या उभ्या बरोबर आणलेल्या तक्त्यातला बाबांचा रकाना वाचू लागली. वजन. आयुष्य. आहार. मृत्यू. खोडलेल्या ओळीवरची शाई अजून ओली होती. तिने कागद खिडकीच्या उजेडात धरला. खालचं अक्षर स्वच्छ दिसत होतं.

‘मेलेली पाय पोटाशी घेते. उताणी दिसली तर हात लावू नये, कात टाकत असते.’