संक्रांतीनंतरचा मोगरा

कोयत्याचा पहिला घाव बसला आणि मोगऱ्याची फांदी विजयमालेच्या पायाशी पडली. मग ती थांबलीच नाही. डेरेदार झाड वीतभर खुंटांवर आणलं. खाली बुंधा कोयत्याला दाद देईना, तेव्हा उरलीसुरली पानं हातानं ओरबाडली. समोरून शेजारची कुसुम वाणाची पिशवी घेऊन गेली. फाटकापाशी आल्यावर तिनं मान दुसरीकडं वळवली. संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. कात्रजच्या त्या आळीत आज घरोघर बोलावणं होतं, हे एक घर सोडून.

नवऱ्याला, जयसिंगला, जाऊन आठ महिने झाले होते. स्वारगेट आगारात कंडक्टर होता. तापाचं निमित्त झालं आणि तिसऱ्या दिवशी माणूस गेला. हा मोगरा त्यानंच लग्नाच्या वर्षी लावलेला. त्याची आई मथुराबाई मंडईत गजरे विकायची. पण बाविसाव्या वर्षी कपाळ पुसलेल्या बाईच्या टोपलीतला गजरा बायकोसाठी मागायचा कोणत्या तोंडानं? म्हणून त्यानं झाडच आणलं. ड्युटीला निघण्याआधी रोज बादलीभर पाणी घालायचा. पाला उदंड व्हायचा, फुलं मात्र पाच-सात. ती पाच-सात फुलं तो तिच्या उशाशी ठेवायचा. आता उन्हाळा येईल आणि तो वास पुन्हा घरात शिरेल, या धास्तीनं तिचा जीव अर्धा झाला होता. झाड मेलंच पाहिजे.

तिन्हीसांजेला मथुराबाई मंडईतून आली. रिकामी टोपली कडेवर धरून ती त्या खुंटांकडं बराच वेळ बघत राहिली. लेकाच्या हातचं झाड. आता म्हातारी आळी डोक्यावर घेणार, असं विजयमालेला वाटलं.

"झालं समाधान?" एवढंच बोलून मथुराबाई आत गेली.

विजयमालेनं त्या झाडाला थेंबभर पाणी दाखवलं नाही. तीन आठवड्यांत खुंट चुलीत घालण्याजोगे दिसू लागले. एका सकाळी बघते, तर सासू बुंध्याशी उकिडवी बसलेली. खुरप्यानं माती मोकळी केली होती. वर शेणखत पसरून ती तांब्यातांब्यानं पाणी सोडत होती.

"आत्या, मेलंय ते."

"बघू की."

म्हातारीला लेक परत हवाय आणि आपण त्याची खूण तोडून बसलो, असं विजयमालेच्या मनानं घेतलं. त्या दिवसापासून तिनं अंगणाकडं बघणंच सोडलं.

फाल्गुनात खुंटांना हिरवे डोळे फुटले. पाडव्याच्या सकाळी दार उघडलं आणि वासानं ती उंबऱ्यातच थबकली. पानं कमी अन् फुलं जास्त, असं झाड पांढरं झालं होतं. मथुराबाई ओट्यावर बसून गजरा ओवत होती.

विजयमाला तिच्यापुढं मटकन बसली. "आत्या, मी याला मारायला निघाले होते."

"ठाव हाय मला." मथुराबाईची सुई थांबली नाही. "माझ्या माहेरी मोगऱ्याचा मळा होता. पौषात आम्ही असंच करायचो. छाटायचं, पानं वरबाडायची, पाणी तोडायचं. असा ताण बसल्याबिगर मोगरा फुलत न्हाई. जया लाडानं पाणी घालायचा, मग नुसता पालाच माजायचा."

"मग त्या दिवशी बोलला का नाहीत?"

"तुझा हात चालू दे म्हटलं. तेवढाच जीव हलका होईल."

गजरा पुरा झाला. तो जयसिंगच्या फोटोला घालायला विजयमालेनं हात पुढं केला. मथुराबाईनं तो मागं घेतला.

"त्याला झेंडू घातलाय. तू पाठ कर."

पलीकडच्या अंगणात कुसुम गुढी बांधत होती. तिचे हात थांबले.

"कुसुम बघतीय, आत्या."

"बघू दे."

विजयमालेनं पाठ केली. अंबाड्याशी सासूची बोटं लागली तेव्हा तिला रडू फुटलं, आणि दहा महिन्यांत पहिल्यांदाच तिनं ते आवरलं नाही. मथुराबाईनं गजरा माळला. मग चाळीस वर्षं जगाला गजरे विकलेल्या त्या बाईनं उरलेला तुकडा सुनेच्या हातात ठेवला आणि हळूच आपली पाठ तिच्याकडं केली.